लोकप्रशासनाच्या संशोधनातील मॉडेल : प्रकार कसा ओळखायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लोकप्रशासनात एम.ए.चा लघुप्रबंध किंवा पीएच.डी.चा आराखडा लिहिणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हा विषय वैकल्पिक म्हणून घेतलेल्या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांचेही काही आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. बहुतेकांची गल्लत एकाच ठिकाणी होते: मॉडेलच्या नावावरून त्याचा प्रकार ठरवला जातो. तुमच्या अभ्यासात तुम्ही त्या मॉडेलकडून कोणते काम करून घेता, त्यावरून तो ठरायला हवा.

१. मॉडेल म्हणजे नेमके काय? मराठीत त्याला प्रतिमान म्हणू, प्रारूप म्हणू की नमुना?

मॉडेल म्हणजे वास्तवाची मुद्दाम सोपी केलेली मांडणी. तहसील कार्यालयात दिवसभरात शंभर गोष्टी घडतात. त्यांतल्या चार-पाच उचलायच्या, त्यांचा एकमेकींशी काय संबंध आहे ते सांगायचे आणि बाकीच्या जाणूनबुजून सोडायच्या. आपण काय सोडले हे सांगता येत नसेल, तर मॉडेल अजून तयार झालेले नाही.

शब्दाची अडचण खरी आहे. 'नमुना' म्हणावे तर संशोधनपद्धतीत नमुना निवडीने तो शब्द आधीच अडवला आहे, आणि महसूल खात्यात नमुना म्हणजे फॉर्म. आपला सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. 'प्रारूप' म्हणावे तर प्रारूप मतदार यादी आठवते, म्हणजे अंतिम न झालेला मसुदा. 'प्रतिमान' हा चांगला शब्द आहे, पण बऱ्याच ठिकाणी तोच 'पॅराडाइम'साठीही, म्हणजे एखाद्या शास्त्रातल्या मूळ विचारचौकटीसाठीही, वापरतात. एका लघुप्रबंधाच्या खर्ड्यात 'नमुना' एकाच पानावर या तिन्ही अर्थांनी आलेला मी पाहिला आहे, आणि वाचताना अक्षरशः अडखळायला झाले. पहिल्या प्रकरणात एक शब्द निवडा, त्याचा अर्थ सांगा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. इथे सरळ 'मॉडेल' म्हटले आहे.

२. मॉडेल, सिद्धान्त आणि चौकट यांत फरक काय? मार्गदर्शक तिन्ही वेगवेगळे मागतात.

एलिनॉर ऑस्ट्रॉम (अर्थशास्त्राचे नोबेल, २००९) यांची विभागणी मला सर्वांत कामाची वाटते. चौकट सर्वांत रुंद असते. कशाकशाकडे पाहायचे ते ती सांगते, उत्तर देत नाही. सिद्धान्त त्यांतल्या काही गोष्टींमध्ये कार्यकारण संबंध सांगतो. मॉडेल सर्वांत नेमके असते: ठरावीक गृहीते धरली तर ठरावीक परिस्थितीत काय होईल ते सांगते.

पाणीवापर संस्थेचे उदाहरण घ्या. सभासद कोण, नियम कोण करते, टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचते का, हे पाहा असे चौकट सांगेल. देखरेख सभासदांनीच ठेवली तर संस्था टिकण्याची शक्यता वाढते, हा झाला सिद्धान्त. चारीवर इतके शेतकरी, पाळी मोडल्यास दंड इतका, सापडण्याची शक्यता इतकी, तर किती जण पाळी मोडतील? हे मांडले की मॉडेल झाले.

३. मॉडेलचे एकूण प्रकार किती? एका पुस्तकात तीन दिले आहेत, दुसऱ्यात सहा.

दोन्ही बरोबर असू शकतात, कारण त्यांची कसोटी वेगळी असते. सरकारी कार्यालयातली सहा गठ्ठा पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. टेबलावरचा कागद एकाच गठ्ठ्यात जातो, कारण विचारायचा प्रश्न एकच असतो: याचे पुढे काय करायचे?

मॉडेलला मात्र तीन प्रश्न विचारावे लागतात. ते कशासाठी आहे (प्रश्न ४)? कोणत्या रूपात आहे (प्रश्न ६)? कोणत्या पातळीवरचे आहे (प्रश्न ७)? तिन्ही उत्तरे मिळून त्याचा पत्ता तयार होतो. परीक्षेत 'प्रकार लिहा' असे आले तर आधी कसोटी लिहा, मग प्रकार. गुण कसोटीला मिळतात, मिळायला हवेत.

४. वर्णनात्मक, स्पष्टीकरणात्मक, भाकितात्मक आणि मूल्याधारित हे चार प्रकार एका उदाहरणातून समजतील का?

रोजगार हमी योजना घ्या. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात ती आकाराला आली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मजुराच्या अर्जापासून त्याच्या हातात मजुरी पडेपर्यंत कागद कुठून कुठे जातो हे दाखवणारे मॉडेल वर्णनात्मक. शेजारच्या दोन तालुक्यांत दुष्काळ सारखाच, तरी एकात कामे निघतात आणि दुसऱ्यात निघत नाहीत, याचे कारण सांगणारे ते स्पष्टीकरणात्मक. जून-जुलैचा पाऊस इतका कमी झाला तर ऑक्टोबरात किती मजूर काम मागतील, हे सांगणारे भाकितात्मक. कामाच्या हमीचा खर्च कुणी उचलावा, हे सांगणारे मूल्याधारित. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून गावातल्या मजुराच्या हमीला पैसा, ही आपल्या योजनेची रचना अशाच एका मूल्याच्या भूमिकेवर उभी होती.

योजना एकच, मॉडेल चार. 'रोहयोचे मॉडेल' एवढेच लिहिले तर वाचकाला काहीच कळत नाही.

५. वेबरचे 'आदर्श प्रारूप' म्हणजे आदर्श नोकरशाही, म्हणून ते मूल्याधारित मॉडेल. बरोबर ना?

चूक, आणि ही चूक मराठीत जास्त होते, कारण आपल्याकडे 'आदर्श' म्हटले की आदर्श शिक्षक, आदर्श गाव असेच मनात येते. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांच्या जर्मन शब्दातला 'आयडियल' कल्पनेतून शुद्ध केलेल्या रूपाबद्दल बोलतो, अनुकरण करण्याजोग्या गोष्टीबद्दल नाही. त्यांची ही मांडणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९२२ साली, पुस्तकरूपात आली. पदसोपान (वरिष्ठ-कनिष्ठ पदांची उतरंड), लेखी नियम, लेखी नोंदी, पात्रतेनुसार नेमणूक, ठरलेला पगार, पद आणि व्यक्ती यांची फारकत ही वैशिष्ट्ये टोकापर्यंत ताणून त्यांनी एक चित्र उभे केले. तसे कार्यालय जगात कुठे सापडेल असा त्यांचा दावा नव्हता. उलट असल्या व्यवस्थेत माणूस पिंजऱ्यात अडकेल ही काळजी त्यांच्या लेखनात दिसते.

मग त्याचा उपयोग काय? मोजपट्टी म्हणून. बदली झालेला अधिकारी शिक्का, किल्ल्या आणि गाडी सोपवतो, कार्यभार हस्तांतरणाच्या कागदावर सही करतो आणि खुर्चीवरून उठतो. त्या क्षणी पद आणि व्यक्ती वेगळे झालेले डोळ्यांनी दिसतात. त्यानंतर आठवडाभर लोक 'जुन्या साहेबांना' फोन करून कामे सांगत राहिले, तर वेबरच्या पट्टीपासून ते कार्यालय किती लांब आहे हेही दिसते. ते अंतर का पडले याचा शोध म्हणजे तुमचे संशोधन. पट्टीला दोष देऊन किंवा तिची आरती करून ते होत नाही.

फ्रेड रिग्ज यांच्या १९६४च्या प्रिझमॅटिक मॉडेललाही हेच लागू आहे. पारंपरिक आणि आधुनिक यांच्या मधल्या समाजात नियम एक आणि वागणे दुसरे असते, असे ते सांगते. तेही टोकापर्यंत ताणलेले चित्र आहे. 'महाराष्ट्र प्रिझमॅटिक आहे' हा निष्कर्ष होत नाही. कोणत्या कामात नियम आणि वागणे यांत किती फट आहे, ते दाखवावे लागते.

६. शब्दांतले, आकृतीतले, गणिती आणि संगणकीय मॉडेल यांत श्रेष्ठ कोणते?

श्रेष्ठ कुणीच नाही. रूप बदलले की दिसणाऱ्या गोष्टी बदलतात. सेतू केंद्रावरची रांग घेऊ.

शब्दांत: जूनमध्ये प्रवेशांमुळे उत्पन्नाचे, अधिवासाचे, नॉन-क्रीमीलेअरचे दाखले मागणाऱ्यांची गर्दी होते आणि रांग लांबते. आकृतीत: गर्दी, खिडक्या, तपासणी, सही असे चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. इथे एक विनंती: प्रत्येक बाणाचा अर्थ लिहा. 'कारण आहे', 'आधी घडते' आणि 'कागद इकडून तिकडे जातो' हे तीन वेगळे बाण असतात, आणि अनेक आराखड्यांत ते एकसारखेच काढलेले दिसतात.

गणितात: रांगांचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ए. के. अर्लांग यांनी सुरू केले. त्यांचा पहिला लेख १९०९चा. समजा खिडकी एक आहे, एका अर्जाला सरासरी ५ मिनिटे लागतात, म्हणजे तासाला १२ अर्ज होतात. तासाला सरासरी १० माणसे येतात. येण्याच्या आणि कामाच्या वेळा अनियमित धरल्या, तर सर्वांत साध्या सूत्राने माणसाचे रांगेसकट सरासरी ३० मिनिटे जातात. आता १०च्या जागी ११ माणसे येऊ द्या. सरासरी होते ६० मिनिटे. एकच माणूस वाढला आणि वेळ दुप्पट झाला! हे शब्दांतल्या मॉडेलला कधीच दिसले नसते.

पण सूत्रालाही मर्यादा आहेत. एका विद्यार्थिनीने जूनमध्ये केंद्राच्या बाकावर बसून वहीत चार रकाने भरले: टोकन क्रमांक, आल्याची वेळ, खिडकीशी पोचल्याची वेळ, परत पाठवले का. चौथा रकाना तिने सहज आखला होता आणि अभ्यासाचा जीव त्यातच निघाला. एक कागद कमी म्हणून परत गेलेली माणसे दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभी राहत होती. म्हणजे रांग स्वतःच स्वतःला वाढवत होती, आणि साधे सूत्र तर येणारा प्रत्येक जण नवा आणि स्वतंत्र आहे असे धरून चालते. शिवाय मध्येच सर्व्हर बंद पडणे, जेवणाची सुट्टी, सहीसाठी साहेबांची वाट. अशा वेळी संगणकावर आख्खा दिवस पुन्हा पुन्हा चालवून पाहणारे मॉडेल लागते. पण तिथे पोचण्याआधी ती वही हवीच.

७. सूक्ष्म, मध्यम आणि व्यापक पातळी कशी ठरवायची?

तुमचा निष्कर्ष कुणाबद्दल आहे ते पाहा. एका कर्मचाऱ्याच्या किंवा नागरिकाच्या वागण्याबद्दल असेल तर सूक्ष्म, कार्यालय किंवा संस्थेबद्दल असेल तर मध्यम, राज्ययंत्रणा किंवा समाजाबद्दल असेल तर व्यापक. मायकेल लिप्स्की यांनी १९८० साली सविस्तर मांडलेले 'रस्त्यावरच्या नोकरशाही'चे मॉडेल सूक्ष्म पातळीवर सुरू होते. शिक्षक, पोलीस, सामाजिक कार्यकर्ता यांना काम जास्त आणि वेळ कमी असतो, म्हणून ते स्वतःच्या अखत्यारीत शॉर्टकट काढतात. पण लिप्स्की यांचा दावा असा की हे शॉर्टकट मिळूनच लोकांपर्यंत पोचणारे धोरण बनते. म्हणजे पायरी चढून तो व्यापक पातळीला जातो. असे चढणे चालते, फक्त ते कसे चढलो हे दाखवले पाहिजे.

जिल्ह्याच्या सरासरीवरून माणसाबद्दल बोलणे मात्र चालत नाही. 'ज्या जिल्ह्यांत साक्षरता जास्त तिथे तक्रारी जास्त' यावरून 'साक्षर माणूस जास्त तक्रार करतो' हे सिद्ध होत नाही. त्याच जिल्ह्यातल्या तक्रारी निरक्षर माणसांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या असू शकतात.

८. संख्यात्मक आणि गुणात्मक हेच मूळ दोन प्रकार नाहीत का?

ते तुमच्या माहितीचे प्रकार आहेत. एकाच मॉडेलची तपासणी आकड्यांनीही करता येते आणि मुलाखतींनीही. प्रश्नावली भरून घेऊन टक्केवारीचे तक्ते केले, तर माहिती संख्यात्मक झाली, पण मॉडेल अजून आलेले नाही. ते येण्यासाठी काय करावे लागते ते प्रश्न १ मध्ये आहे.

९. शेरी अर्नस्टीन यांची सहभागाची शिडी हे मॉडेल की नुसते वर्गीकरण?

१९६९च्या या शिडीला आठ पायऱ्या आहेत. सर्वांत खाली लोकांना गुंडाळणे, सर्वांत वर लोकांच्या हाती कारभार. पायरी कशामुळे चढली जाते हे ती सांगत नाही, म्हणून काटेकोरपणे ते वर्गीकरण आहे. पण ती शिडी आहे, नुसते आठ कप्पे नाहीत: वरची पायरी खालच्यापेक्षा चांगली, हे मूल्य तिच्या आकारातच आहे. ग्रामसभेच्या अभ्यासात ती वापरताना ही गोष्ट लपवू नका. नोंदवहीत कोरमपुरत्या सह्या आहेत आणि सभेत चारच माणसे बोलली, तर पायरी कोणती हे ठरवण्याची कसोटी आधी लिहून ठेवा, सभा पाहिल्यावर नाही.

१०. लिंडब्लॉम यांचे थोड्याथोड्या बदलांचे मॉडेल वर्णनात्मक आहे की मूल्याधारित?

दोन्ही, म्हणूनच परीक्षेत ते फसवते. चार्ल्स लिंडब्लॉम यांनी १९५९ साली म्हटले की प्रशासक सगळे पर्याय तपासत बसत नाहीत, चालू धोरणापासून थोडेसेच सरकतात. मागच्या वर्षीची तरतूद समोर ठेवून यंदाचा अर्थसंकल्प करणारा कोणताही विभाग पाहा. इथवर ते वर्णन. पुढे ते असेही म्हणाले की गुंतागुंतीच्या प्रश्नांत हीच पद्धत शहाणपणाची, कारण चूक झाली तर लहान होते. हा सल्ला झाला. हर्बर्ट सायमन यांनी १९४७ पासून मांडलेली मर्यादित विवेकाची कल्पना (माणसाकडे सगळी माहिती आणि वेळ नसतो, म्हणून तो पुरेसा वाटणारा पर्याय निवडतो) मुख्यतः वर्णनाच्या बाजूची आहे. तुम्ही लिंडब्लॉमचा कोणता अर्धा घेतला ते लिहा.

११. 'कचराकुंडी मॉडेल' शब्दांतले धरायचे की संगणकीय?

कोहेन, मार्च आणि ऑल्सन यांच्या १९७२च्या मांडणीत दोन्ही होते. शब्दांत: विद्यापीठासारख्या सैल संस्थांत समस्या, उपाय, माणसे आणि निर्णयाच्या संधी हे चार प्रवाह स्वतंत्र वाहतात आणि योगायोगाने भेटतात. सोबत फोरट्रान भाषेतला संगणकीय प्रोग्राम होता. गंमत पुढे आहे. २००१ साली बेंडॉर, मो आणि शॉट्स यांनी दाखवून दिले की प्रोग्राम शब्दांतल्या कल्पनेशी पुरेसा जुळत नाही. एकाच नावाखाली दोन मॉडेल होती, म्हणा ना. तेव्हा 'कचराकुंडी मॉडेल वापरले' असे न लिहिता त्यातले कोणते वापरले ते लिहा.

१२. एकाच अभ्यासात दोन-तीन मॉडेल वापरली तर परीक्षक हरकत घेतील का?

कारण दिले तर घेऊ नये. ग्रॅहम ॲलिसन यांनी ऑक्टोबर १९६२च्या क्युबा पेचप्रसंगाकडे तीन मॉडेलमधून पाहिले: देश म्हणजे एक विचारी माणूस, सरकार म्हणजे ठरलेल्या कार्यपद्धतींनी चालणाऱ्या संस्था, आणि निर्णय म्हणजे पदाधिकाऱ्यांतली रस्सीखेच. क्युबातली सोव्हिएत क्षेपणास्त्रांची ठाणी नीट झाकलेली का नव्हती? पहिल्या मॉडेलला हे कोडेच राहते. दुसरे सांगते की बांधणाऱ्या तुकड्यांनी मायदेशातल्या सवयीनेच बांधकाम केले. एका मॉडेलला न सुटलेली गोष्ट दुसरे सोडवत असेल तर दोन्ही ठेवा. तिन्ही मॉडेल तेच सांगत असतील तर दोन काढून टाका.

१३. 'लखीना पॅटर्न', 'हिवरे बाजार मॉडेल' यांचा प्रकार कोणता?

१९८०च्या दशकात अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हाधिकारी कार्यालयात अनिलकुमार लखीना यांनी कामकाजात जे बदल केले, त्यांना लोकांनी लखीना पॅटर्न हे नाव दिले. हिवरे बाजारने पाणलोटाची कामे केली, शेतीसाठी बोअरवेल बंद ठेवल्या, पाण्याचा ताळेबंद मांडला. दोन्हींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या प्रत्यक्ष घडलेल्या यशस्वी गोष्टी आहेत. इथे 'मॉडेल'चा अर्थ 'असे करा' असा होतो. संशोधनात ते उदाहरण, म्हणजे केस, म्हणून येईल. त्यातले कोणते घटक, कोणत्या परिस्थितीत आणि कशामुळे कामाला आले हे तुम्ही वेगळे काढले, की तुमच्या हाती मॉडेल येते. बोअरवेलबंदी ग्रामसभेच्या एकजुटीशिवाय टिकेल का? शेजारच्या गावात टिकली नसेल तर ते गावही अभ्यासात हवे.

१४. मशीन लर्निंगचे मॉडेल या वर्गीकरणात कुठे?

मशीन लर्निंग म्हणजे जुन्या नोंदींतून संगणकाने स्वतःच नियम शोधणे. त्याचा उद्देश भाकिताचा, रूप संगणकीय. कोणते अर्ज मुदतीत निकाली निघणार नाहीत हे ते बऱ्यापैकी सांगू शकेल. का निघणार नाहीत, हे त्यावरून सांगू नका. शिवाय ते जुन्या नोंदींवर शिकते. पूर्वी एखाद्या वस्तीचे अर्ज अडवले जात असतील, तर ते अडवणेच 'नेहमीचे' म्हणून शिकेल. प्रशासनाच्या संशोधकाने हे सर्वांत आधी तपासावे.

१५. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांची माहिती घेऊन दहा घटकांचे रिग्रेशन केले आहे. चालेल?

नाही. रिग्रेशन म्हणजे एका गोष्टीवर प्रत्येक घटकाचा किती परिणाम होतो हे आकड्यांतून काढणे. ३६ नोंदींवर दहा घटक लादले की एखादा जिल्हा काढला तरी निकाल पालटू शकतो. काढून पाहाच. मुंबई शहर आणि गडचिरोली एकाच तक्त्यात असले की हे चटकन दिसते. घटक दोन-तीनवर आणा, किंवा तालुका पातळीवर जा. तालुक्यावर गेलात तर एका जिल्ह्यातले तालुके एकमेकांसारखे असतात, म्हणून तालुका आणि जिल्हा असे दोन्ही स्तर एकदम धरणारे बहुस्तरीय मॉडेल लागेल. निष्कर्षाची पातळी मात्र प्रश्न ७ प्रमाणे तपासा.

१६. हे सगळे प्रबंधात किती लिहायचे? वेगळे प्रकरण करू का?

वेगळे प्रकरण नको, एक परिच्छेद पुरतो. उदाहरणार्थ: 'या अभ्यासात लिप्स्की यांचे मॉडेल स्पष्टीकरणासाठी, शब्दरूपात आणि सूक्ष्म पातळीवर वापरले आहे. कर्मचाऱ्यांचा अपुरा वेळ हे गृहीत धरले असून वरिष्ठांचा राजकीय दबाव विचारात घेतलेला नाही.' दुसरे वाक्य लिहायला हात अडतो, कारण त्यात आपण काय सोडले ते कबूल करावे लागते. तोंडी परीक्षेत बहुधा त्याच वाक्यावर प्रश्न येतो. ते लिहिलेले असले की उत्तर तुमच्या हातात असते.